घरापर्यंतचा मुरमाचा रस्ता : ट्रॅक्टरला ब्लेड लावू, बॉक्स लावू की नुसती फळी ओढू?

मुरमाड
भोर तालुक्यात वडिलोपार्जित जागा आहे. गावच्या डांबरीपासून घरापर्यंत आमचाच खाजगी रस्ता, ४०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. पहिले ३२० मीटर जवळपास सपाट, शेवटचे ८० मीटर चढ. तीन वर्षांपूर्वी जेसीबी लावून मुरूम टाकला, वर रोलर फिरवला. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्यात चढावर दोन चाकोऱ्या पडल्या. तिसऱ्यात त्या चाकोऱ्यांचे ओहोळ झाले आणि सपाट भागात खड्ड्यांची माळ. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी रस्त्यावर बोलतो.

गेल्या वर्षी २८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतलाय. सोबत रोटाव्हेटर आणि पाच फणी कल्टिव्हेटर आहे. रस्त्याची डागडुजी स्वतःच करावी म्हणतो. तीन पर्याय दिसतात :
मागे लावायचा टेरेसर ब्लेड, म्हणजे माती ओढायचं आडवं पातं, जे तिरकं करता येतं.
बॉक्स ब्लेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रे आणि पुढे दाते. हा तयार मिळणं अवघड, बनवून घ्यावा लागेल.
किंवा गावातून करून घेतलेली साधी लोखंडी फळी.

कुणी वापरलंय का यातलं काही? पावसाळ्याआधी हातात तीन आठवडे आहेत.

बांधावरचा_बाबू
जेसीबी बोलवा. तीन तासांत विषय संपला.

मुरमाड
@बाबू, तीन वर्षांत दोनदा बोलावला. विषय दर दिवाळीला पुन्हा निघतो.

पाचट
सांगलीकडचा आहे. ऊस आहे म्हणजे रस्त्याचं दुखणं आलंच. हंगामात भरलेल्या डबल ट्रॉल्या जातात, मार्चपर्यंत रस्त्याचं पात्र होतं, नदीचं.

चार वर्षं झाली टेरेसर ब्लेड वापरतोय. चांगलं औजार आहे, चरातली माती वर ओढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण नवा माणूस त्यावर बसला की रस्त्याच्या लाटा करतो. माझ्या पहिल्या दिवशी मी सकाळी खड्डे बुजवायला गेलो आणि संध्याकाळी घसरगुंडी करून आलो. त्याचं असं होतं : पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचं बूड खाली जातं, ब्लेड जमिनीत घुसतो. पुढची चाकं खड्ड्यात गेली की ब्लेड उचलला जातो, हातातली माती तिथंच सांडते. म्हणजे एका लाटेची पुढे दुसरी लाट. लिव्हर सारखा खालीवर करून ते जमवावं लागतं. मला जमायला दोन हंगाम लागले, आणि तोवर आमच्या आबांनी रोज एकदा तरी "बैलानं बरं केलं असतं" म्हणून घेतलं.

तुमचा ट्रॅक्टर लहान आहे, तेव्हा पाच फुटी ब्लेड घ्या. तीस अंश तिरका केला की तो चार फूट चार इंचच झाकतो, हे ध्यानात ठेवा. मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेपेक्षा ब्लेड कमी पडला तर स्वतःच्याच चाकाची खूण स्वतःला पुसता येत नाही.

कॅरोलायना_काका
मी नॉर्थ कॅरोलायनात गावाबाहेर राहतो. घरापर्यंत २०० मीटर खडीचा रस्ता आहे, आणि इथे तो ज्याचा त्याने सांभाळायचा. पंधरा वर्षांत तिन्ही औजारं वापरून झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

बॉक्स ब्लेडला दोन कडा असतात. पुढची कापते, मागची पसरवते. टॉपलिंक, म्हणजे औजाराला वरून धरणारा दांडा, आखूड केली की बॉक्सचं नाक खाली येतं, दाते आणि पुढची कड चावायला लागतात. टॉपलिंक लांब केली की मागची कड टेकते आणि तो नुसता चोपत, सारवत जातो. पेटीत माल साठतो आणि खड्डा आला की आपोआप आत पडतो, हा मोठा फायदा. तोटा तोच जो पाचट यांनी सांगितला. पेटी आखूड असते, त्यामुळे ट्रॅक्टर डुलला की तीही डुलते.

शेवटी मी घेतला लँड प्लेन. दोन लांब पट्ट्या जमिनीवर घसरत जातात आणि त्यांच्यामध्ये दोन आडवी पाती. घसरपट्ट्या लांब असल्याने त्या खड्ड्यावरून पुलासारख्या जातात, पाती फक्त उंचवटे कापतात आणि तो माल खोलगटात पडतो. लिव्हर खाली सोडायचा आणि गाणी म्हणत जायचं. नवशिक्याच्या हातूनसुद्धा रस्ता बिघडत नाही. भारतात हे तयार विकताना मी पाहिलेलं नाही, पण त्यात एकही हलता भाग नाही. वेल्डिंगवाला सहज करून देईल.

पण हे सपाट भागाचं. तुमच्या चढावरच्या ओहोळांना लँड प्लेन पुरणार नाही.

लोखंडवाला_लोहार
काकांनी माझ्या धंद्याचं काम काढलं! शेती औजारांचं वर्कशॉप आहे, म्हणून सांगतो.

घसरपट्टीला १०० बाय ५० चं सी चॅनेल घ्या, सहा फूट लांब. पुढचं टोक बोटीसारखं वर वळवा, नाहीतर दगडाला अडकून ट्रॅक्टरला औजार जोडणारं तीन पॉइंट लिंकेज वाकडं होईल. पात्याला ट्रकचा जुना कमानपाटा वापरा, भंगारात मिळतो आणि झिजता झिजत नाही. पण एक गोष्ट नीट ऐका. पाटा चॅनेलला वेल्ड करू नका. तो स्प्रिंगचा पोलाद, वेल्ड केला की शिवणीच्या कडेला कडक होतो आणि पहिल्या मोठ्या दगडाला काचेसारखा तडकतो. माझ्याकडे असे तुटलेले तुकडे घेऊन माणसं येतात आणि मला विचारतात वेल्डिंग कच्चं होतं का. वेल्डिंग पक्कं होतं, पाटा गेला. मागे साध्या लोखंडाची पट्टी वेल्ड करायची आणि पाटा तिला बोल्टने बसवायचा. नांगराच्या फाळाला लावतात ते चौकोनी मानेचे, डोकं आत बसणारे बोल्ट घ्या. एक कड झिजली की पाटा उलटा फिरवून दुसरी वापरता येते.

पात्याची धार घसरपट्टीच्या तळापेक्षा पाव ते अर्धा इंच खाली ठेवा, जास्त नको. मागचं पातं पुढच्याच्या उलट्या तिरकसपणाने लावा, म्हणजे एकाने उजवीकडे सरकवलेला माल दुसरा परत आणेल.

वजन कमी पडलं तर वर दगड ठेवायला जागा करा. बायकोला बसवू नका, तसं एकाने केलं होतं.

निवडुंग
@लोहार, तो एक म्हणजे तुम्हीच ना? ;)

लोखंडवाला_लोहार
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

बांधावरचा_बाबू
एवढं कशाला. रेल्वेच्या रुळाचा सहा फुटी तुकडा घ्या, दोन टोकांना साखळी बांधा आणि ओढा. वजनही आणि धारही.

निवडुंग
आणि मागून आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, जीप. रेल्वेची मालमत्ता बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे बाबूराव. रस्ता सपाट होईल पण त्यावरून तुम्हालाच नेतील.

बांधावरचा_बाबू
आय बीम घ्या मग. भावना समजून घ्या.

तांबडी_माती
राजापूरहून. इथे एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, तेव्हा रस्ता कशाने जातो हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. औजारावर पीएचडी झाली, पाण्यावर एक ओळ नाही.

मुरमाड, तुमच्या रस्त्याला मध्ये फुगवटा आहे का? दोन्ही बाजूंना चर आहे का? चर असेल तर त्याचं पाणी कुठे सोडलंय? या तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर सोन्याचा ब्लेड लावा, ऑगस्टमध्ये पुन्हा इथेच भेटू.

ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे जे निकष आहेत त्यात मुरूम-खडीच्या रस्त्याला कमी पावसात साडेतीन आणि जास्त पावसात चार टक्के बाक सांगितलाय. तुमच्या ३ मीटर रस्त्याला चार टक्के म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ६ सेंटिमीटर. करंगळीएवढी उंची, पण तेवढ्यावर रस्ता जगतो. जेसीबीवाला रस्ता सपाट करून देतो आणि आपण "काय गुळगुळीत केला!" म्हणून पैसे देतो. तो सपाट केला तिथेच मेला.

चढावर आणखी एक. पाणी रस्त्याच्या लांबीने वाहायला लागलं की संपलं. दर पंधरा-वीस मीटरला आडवा, तिरका उथळ चर हवा, जो पाणी रस्त्याबाहेर काढून देईल. आम्ही चढावर सरळ जांभ्याचे चिरे बसवतो. भोरला काळा दगड आहे, तो पिचिंग करून, म्हणजे एकमेकांत घट्ट रचून, बसवा.

कॅरोलायना_काका
@तांबडी_माती, दंडवत. मी पाण्याचं गृहीत धरून बोलत होतो, ती चूक. मीही पहिली दोन वर्षं रस्ता गुळगुळीत करत बसलो होतो.

मुरमाड
तुमचे प्रतिसाद वाचून काल रविवारी रस्त्यावर गेलो. गवंड्याची लेव्हलची नळी आणली, दर वीस मीटरला मध्य आणि दोन्ही कडा मोजल्या. निकाल असा : वीस ठिकाणांपैकी सतरा ठिकाणी मध्य कडेपेक्षा खाली. एका ठिकाणी ९ सेंटिमीटर खाली. म्हणजे मी रस्ता नाही, पाट बांधलाय. डावीकडे चर होता, तो गाळाने आणि घाणेरीने भरलाय. उजवीकडे कधी नव्हताच.

कडेला मात्र गवताखाली मुरमाचा चांगला वीतभर ढीग साचलाय. तीन वर्षांत चाकांनी बाहेर फेकलेला. तो परत मध्ये आणता येईल का?

पाचट
येणार की! तोच तर माल. नवा मुरूम घ्यायला जाऊ नका अजून. ४०० बाय ३ मीटरवर चार इंचाचा थर म्हणजे १२० घनमीटर, ब्रासात (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) ४२ च्या वर. आजच्या भावाने हिशेब करा म्हणजे कडेचं गवत गोड लागायला लागेल. फक्त गवताचे गड्डे वेचून टाका. मुळं मध्ये गेली की तिथं कुजून पोकळी होते.

आणि हे काम बॉक्सचं किंवा लँड प्लेनचं नव्हे, तिरक्या ब्लेडचंच. पेटी बाजूला माल सोडत नाही. औजार उचलणाऱ्या उजव्या लिफ्ट रॉडचा स्क्रू फिरवून ब्लेडची कडेकडची बाजू खाली करा, ब्लेड साधारण तीस अंश तिरका, ट्रॅक्टर लो सेकंड गिअरमध्ये. जाताना एका कडेचा माल मध्ये, येताना दुसऱ्या कडेचा. आपोआप मध्ये वरंबा पडतो. मग ब्लेड सरळ करून त्या वरंब्याचा माथा हलकाच मोडायचा.

मुंबईचा_शेतकरी
रोटाव्हेटर आहेच ना? सगळा रस्ता एकदा रोटरने मोकळा करून मग फळी मारली तर?

पाचट
नका!!

लोखंडवाला_लोहार
जरूर करा, माझा पत्ता देतो. पाती बदलायला यावंच लागेल.

चेष्टा सोडा. रोटरने दोन गोष्टी होतात. दगड लागून पाती वाकतात, आणि मुरमाचं पीठ होऊन तो पहिल्या पावसात चिखल होतो. मोकळं करायला तुमचा पाच फणी कल्टिव्हेटर आहे, तो वापरा. खड्डा जेवढा खोल तेवढाच फण घालायचा. नुसता खड्ड्यात माल भरला की तो वाटीतल्या पोह्यांसारखा सुटा राहतो, चार गाड्या गेल्या की बाहेर. खड्ड्याचा तळ निघेपर्यंत आजूबाजूचं फोडलं तरच नवा-जुना माल एकजीव होतो.

काळी_कसदार
लातूरकडून एक पुरवणी. खाली काळी माती असेल तर वरचे सगळे उपाय एक पावसाळा टिकतील. काळी फुगते, मुरूम गिळते. आम्ही दर वर्षी मुरूम टाकायचो आणि दर वर्षी तो जायचा कुठे हे कळायचं नाही. एकदा खोदून पाहिलं तर तीन वर्षांचा मुरूम दीड फूट खाली शांत झोपलेला. तिथे आधी डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, पाहिजे, मग मुरूम. धागाकर्त्याची जमीन मुरमाड आहे हे आयडीवरूनच दिसतंय, तेव्हा काळजी नसावी.

निवडुंग
अवांतर : माझ्या शेजाऱ्याचा रोटर दर वर्षी आमच्या वाटेची वीतभर कड खातो. पंधरा वर्षांत बैलगाडीची वाट मोटारसायकलची झाली. त्यावर कुठला ब्लेड लावू?

ताईसाहेब_वकील
@निवडुंग, त्या ब्लेडचं नाव मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. असलेली वाट अडवली तर तहसीलदारांकडे दावा, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. आधी मोजणी करून घ्या. आणि धागाकर्त्यांना : मुरूम गौण खनिज आहे. बाहेरून आणलात तर स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची पावती आणि वाहतुकीचा पास ट्रकवाल्याकडे आहे ना, ते बघा. "सगळे असंच आणतात" हे उत्तर दंडाच्या नोटिशीला चालत नाही.

निवडुंग
सहा महिने?? पंधरा वर्षं झाली की ताई. :(

ताईसाहेब_वकील
यंदाची वीत यंदाची धरा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

नाना_जुन्नरकर
मुलाने धागा वाचून दाखवला, म्हणून त्याच्याकडूनच टंकून घेतो आहे. वय ७८.

आमच्या लहानपणी पाणंद गावानेच सांभाळायची. बैलाच्या केणीने कडेची माती मध्ये ओढायची आणि वरून मैंद फिरवायचा. मैंद म्हणजे बाभळीचा जड ओंडका, त्यावर माणूस उभा. केणीला ना तीस अंश होते ना टॉपलिंक, पण वडील एक गोष्ट पाळायचे. वाफसा आल्याशिवाय हात लावायचा नाही. मूठभर माती दाबायची. लाडू झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर जुंपायचं. हाताला चिकटली तर घरी. उडाली तर पावसाची वाट बघायची.

तुम्ही सगळे मे महिन्यात कोरड्या मुरमावर ब्लेड चालवायचं बोलताहात. कोरडा मुरूम धरत नाही हो. धूळ वर उडते, खडे सुटे होतात, आणि पहिला पाऊस ते घेऊन जातो. मेमध्ये चर खोदा, आडवे चर काढा, गवत वेचा. ब्लेड वळवाच्या दुसऱ्या दिवशी.

कॅरोलायना_काका
नाना, तुमचा मैंद वाचून उडालोच. अमेरिकेत मिझुरी राज्यात डी. वॉर्ड किंग नावाचा शेतकरी होता. त्याने १८९० च्या दशकात ओंडका उभा चिरून त्याचे दोन अर्धे एकामागे एक जोडले आणि घोड्यांनी रस्त्यावर तिरके ओढले. वर माणूस उभा! दर पावसानंतर, माती ओली पण चिकट नाही अशा वेळी एक फेरी, एवढंच त्याचं तंत्र. १९०८ मध्ये इथल्या कृषी खात्याने त्याची पुस्तिका काढली आणि कच्च्या रस्त्यांसाठी हे औजार देशभर पसरलं. माझा लँड प्लेन त्याचाच नातू म्हणायला हरकत नाही. वाफशाला इंग्रजीत एक शब्द नाही, मी शेजाऱ्याला अजून हातवारे करून सांगतो.

जाता जाता : रस्ता नीट झाल्यावर गाडी हळू चालवा. सुटी कोरडी खडी आणि वेग एकत्र आले की पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडतात. माझ्याकडे नेमक्या टपालपेटीच्या पुढे, जिथून सौ. गाडी जोरात काढते. हे घरात बोललेलो नाही.

मुरमाड
ठरलं. गावात एकाकडे टेरेसर ब्लेड आहे, तो भाड्याने घेऊन आकार देतो. लँड प्लेन वर्कशॉपमध्ये टाकतो, लोहारदादांच्या मापाने. मेमध्ये फक्त चर. बॉक्स ब्लेड रद्द.

बांधावरचा_बाबू
म्हणजे जेसीबी नाहीच?

मुरमाड
चर खोदायला बोलावला. दोन तास. घ्या, समाधान.

*(साडेतीन महिन्यांनी)*

मुरमाड
धागा वर काढतो, कारण सांगायचं राहिलं होतं.

मेच्या शेवटी वळीव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाडू केला, हाताला चिकटला. तिसऱ्या दिवशी फुटला. कल्टिव्हेटरने फोडून घेतलं आणि भाड्याच्या ब्लेडने कडेचा मुरूम मध्ये ओढला. पहिल्या फेरीत मीही लाटा केल्याच. पाचट, तुमच्या आबांची आठवण झाली. मग लँड प्लेनच्या सहा फेऱ्या, वर पाण्याने भरलेला टँकर रिकामा न करता चार वेळा पुढे-मागे. रोलर मिळाला नाही. पुन्हा नळी लावली तेव्हा मध्य सगळीकडे ५ ते ७ सेंटिमीटर वर.

चढावर चार आडवे चर, दगडाचे. जुलैत सलग आठ दिवस पाऊस होता. छत्री घेऊन चढावर उभा राहिलो. पहिल्या चराने पाणी बाहेर काढलं, दुसऱ्यानेही. तिसऱ्याच्या तोंडाशी पाचोळा अडकला होता, तिथून पाणी खाली उतरून बोटभर रेघ पडली. पायाने पाचोळा काढला, थांबली. नवा मुरूम शून्य ब्रास.

एकच तक्रार. फाटकापाशी, अगदी फाटकातच, खड्डा परत पडलाय. दोनदा भरला, दोनदा आला.

तांबडी_माती
फाटकाच्या खांबांमुळे तिथे बाक देता आला नसणार. सपाट जागा, पाणी थांबतं, वर सगळ्या गाड्या तिथेच ब्रेक मारतात आणि एकाच जागेवरून जातात.

मुरमाड
अगदी तसंच आहे. फाटकात लँड प्लेन मावत नाही, उचलून पलीकडे टेकवतो.

नाना_जुन्नरकर
मग फाटक दहा पावलं वर चढाकडे हलवा.

मुरमाड
नाना, फाटक आजोबांनी बसवलंय. आई म्हणते खड्डाच हलव.